चालू पाइपाला फांदी

रिफायनरीतल्या एखाद्या पाइपाला नवी फांदी काढायची, पण शटडाऊन परवडत नाही, अशा वेळी हॉट टॅपिंग करतात. आत तेल दाबाखाली वाहत असतानाच बाहेरून आखूड नळी वेल्ड करायची, तिच्यावर व्हॉल्व्ह बसवायचा आणि व्हॉल्व्हवर कापायचं यंत्र. उघड्या व्हॉल्व्हमधून कटर आत जातो, भिंतीची गोल चकती कापतो, मागे येतो, व्हॉल्व्ह बंद. युक्ती जुनी आहे. जर्मनीतून अमेरिकेत गेलेल्या हिरोनिमस म्यूलर या बंदुका घडवणाऱ्या कारागिराने १८७२ साली पाण्याच्या चालू नळाला जोड देणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं होतं.

वेल्डरची पंचाईत अशी, की वाहतं तेल उष्णता ओढून नेतं म्हणून पातळ भिंत जळून आरपार जात नाही. पण त्याच झटपट थंडाव्याने वेल्ड कडक होतो आणि हायड्रोजनमुळे काही तासांनीही तडकू शकतो.

भोक पाडण्यापूर्वी या वेल्डची परीक्षा घ्यायची ती एकदाच. चकती कापली गेली की मागे फिरणं नाही. नळीत पाणी भरून, हवा काढून, हातपंपाने दाब चढवतात. पण किती?

नव्या पाइपिंगला साधारणपणे डिझाइन दाबाच्या दीडपट पाण्याचा दाब देतात. समजा, डिझाइन तीस किलोचं (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला तीस किलो) आहे आणि लाइन सध्या वीस किलोवर चालली आहे. सवयीने पंचेचाळीस किलो चढवले, तर नळीच्या तोंडाखालच्या भिंतीवर बाहेरून पंचवीस किलोचा जादा भार येतो. पाइप आतला दाब छान सोसतो, बाहेरच्यापुढे मात्र कच खातो. प्लॅस्टिकची बाटली फुंकून फुगवता येत नाही, पण तोंडाने हवा ओढली की लगेच चेपते, तसंच. म्हणून अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची शिफारस अशी: चाचणीचा दाब लाइनच्या चालू दाबाइतका तरी हवा, पण त्या क्षणी आत असलेल्या दाबापेक्षा दहा टक्क्यांहून फारसा जास्त नको. आपल्या उदाहरणात वीस ते बावीस किलो. त्यामुळे चाचणी चालू असताना आतला दाब उतरू न देणं हीदेखील ऑपरेटरची जबाबदारी.

लाइन खूप गरम असेल तर पाणी चालत नाही. अडकलेलं पाणी तापून दाब आपोआप वाढवतं, आणि उरलेलं पाणी तापलेल्या तेलात गेलं तर त्याची क्षणात वाफ होते. मग हवा किंवा नायट्रोजन, आणि वेल्डवर साबणाचा फेस. सिलिंडरचा रेग्युलेटर बसवल्यावर घरी लावतो तोच! फक्त दाबलेला वायू पाण्यापेक्षा कितीतरी जास्त ऊर्जा साठवतो, म्हणून जवळ उभं राहायचं नाही.

हे सगळं करून कळतं ते इतकंच, की गळती नाही. मजबुतीचा पुरावा वेल्डच्या तपासणीतून आणि हिशेबातून यायला हवा. इंग्लंडमधल्या फ्लिक्सबरोच्या कारखान्यात १९७४ साली तात्पुरत्या बायपास पाइपाला नऊ किलोची चाचणी दिली होती. तिथला सेफ्टी व्हॉल्व्ह अकरा किलोला उघडणारा होता. १ जूनला तो पाइप निखळला आणि स्फोटात २८ माणसं गेली.

कटरसोबत चकती बाहेर येते, पायलट ड्रिलच्या तारेत अडकून. तिच्यावर लगेच कॅलिपर लावतात: वेल्डिंगपूर्वी अल्ट्रासॉनिक मीटरने सांगितलेली भिंतीची जाडी खरी होती का?