बीज, प्रत आणि नोंद : भांगेच्या वाणांच्या जतनासंबंधी काही विचार

हाती आलेल्या प्रतीत मूळ संहिता कितपत उरली आहे, हा प्रश्न हस्तलिखितांच्या अभ्यासकाला नवा नाही. बीजसंग्रहालयातील संशोधकापुढेही हाच प्रश्न उभा असतो. भांगेच्या वनस्पतीच्या संदर्भात तो विशेष बिकट होतो, म्हणून प्रस्तुत लेखात तिचे उदाहरण घेतले आहे.

दीर्घकालीन साठवणीसाठी बियांतील ओलावा साधारणतः ३ ते ७ टक्क्यांपर्यंत उतरवून त्या हवाबंद पाकिटांत उणे १८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवतात. ओलावा एक टक्क्याने किंवा तापमान पाच अंशांनी कमी केल्यास बियांचे आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होते, असा हॅरिंग्टन यांचा नियम आहे. भांगेचे बी तेलयुक्त असल्याने सामान्य हवेत त्याची उगवणशक्ती काही वर्षांतच क्षीण होते. तथापि शीतगृह मृत्यू लांबवते, टाळत नाही. उगवणशक्ती आरंभीच्या ८५ टक्क्यांखाली गेली, की बी पुन्हा पेरून नवे बी घ्यावे लागते.

ही पेरणी म्हणजे एका अर्थी नवी नक्कलच होय. भांगेत नर आणि मादी झाडे बहुधा वेगळी असतात आणि पराग वाऱ्यावर दूरवर जातात. शेजारच्या वाणाचा पराग मिसळला, तर पाठचिकित्सेत ज्याला पाठसंकर म्हणतात तसाच प्रकार घडतो. शिवाय वाणाची ओळख एका झाडात नसून संपूर्ण समुदायात असते. मोजकीच झाडे वाढवल्यास त्यातील वैविध्य गळून जाते. म्हणून पुरेशी झाडे आणि पुरेसे विलगीकरण, दोन्ही अनिवार्य ठरतात.

बी जिवंत राहिले, तरी नोंद हरवल्यास ते मुके होते. निकोलाय वाविलोव्ह यांनी १९२४ मध्ये अफगाणिस्तानातून वाण गोळा केले, तेव्हा ठिकाण आणि परिस्थिती यांची नोंद हा संकलनाचाच भाग होता. पुढे लेनिनग्राडच्या वेढ्यात (१९४१-४४) त्यांच्या संस्थेतील भातसंग्रहाचे रक्षक दिमित्री इव्हानोव्ह उपासमारीने मरण पावले, परंतु त्यांनी संग्रहातील दाणा खाल्ला नाही. वाविलोव्ह स्वतः १९४३ मध्ये सारातोव्हच्या तुरुंगात निवर्तले.

भारतात १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यातील गांजाच्या व्याख्येतून, शेंड्यांपासून वेगळे असलेले बी वगळले आहे. कुमाऊंमध्ये भांगेच्या बियांची चटणी आजही केली जाते. अशा वाणांची स्थानिक नावे, पेरणीची पद्धत, धाग्याचा उपयोग हे सारे बहुतांशी मौखिक ज्ञान आहे. पाकिटावर अनुक्रमांक टिकला आणि हे ज्ञान लोपले, तर आपण अक्षरे जपली, पण भाषा गमावली, असे म्हणावे लागेल. नोंदीची ही जबाबदारी केवळ वनस्पतिशास्त्रज्ञांवर सोपवता येणार नाही. मौखिक परंपरा लिपिबद्ध करण्याची शिस्त साहित्याच्या अभ्यासकांपाशी आहे, आणि तिचे येथे खरे प्रयोजन आहे.