आखाती व्यापार पुन्हा रुपयात

महाडजवळच्या नाते गावी 1896 साली जन्मलेले चिंतामणराव देशमुख 1943 ते 1949 या काळात रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते. त्या काळी कुवेत, बहारीन, दुबईच्या बाजारात आपलाच रुपया चालत असे. पुढे त्याच रुपयाने सोन्याची चोरटी आयात वाढली, म्हणून 1959 मध्ये आखातासाठी वेगळ्या नोटा निघाल्या. कुवेतने 1961 साली दिनार काढला. 6 जून 1966 रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले आणि बहुतेक अमिरातींनीही रुपया सोडला. मग हिशेब डॉलरमध्ये. दुबईचे गिऱ्हाईक दिरहमचे डॉलर करणार, आपली बँक डॉलरचे रुपये. हुंडणावळीत दोनदा कात्री.

सरकारांचे आपसांत जमले की पेढीवर फरक पडतो तो इथे. 11 जुलै 2022 रोजी रिझर्व्ह बँकेने आयात-निर्यातीची बिले रुपयात करण्यास वाट मोकळी केली. 15 जुलै 2023 रोजी अबुधाबीत अमिरातीशी रुपया-दिरहमचा करार झाला, मार्च 2024 मध्ये इंडोनेशियाशीही तसाच. तिकडची बँक आपल्या बँकेत रुपयाचे खाते उघडते. बँकवाले त्याला व्होस्ट्रो म्हणतात. इथला आयातदार त्यात रुपये भरतो, त्यातूनच निर्यातदाराचे पैसे चुकते होतात.

अर्थात दर वर-खाली होण्याची जोखीम आता गिऱ्हाइकावर जाते. तेव्हा ते भावात घासाघीस करणारच! महाड-पोलादपूरच्या व्यापारी बांधवांनी सौदा पक्का करण्याआधी आपल्या बँकेत विचारावे, गिऱ्हाइकाच्या बँकेचे असे खाते आहे काय? नसेल तर डॉलरचा जुना मार्ग आहेच.