कॅमशाफ्टची निवड

गेल्या पावसाळ्यांत चिंचवड येथील आमच्या परिचयाचे एक गृहस्थ आपल्या चिरंजीवांस घेऊन आमच्याकडे आले. मुलगा चाकणच्या एका कारखान्यांत नुकताच कामास लागला होता. पहिल्या कांहीं पगारांतून शिल्लक टाकून आपल्या जुन्या मोटारसायकलींत ‘जोराचा कॅम’ बसवावा, असा त्याचा बेत होता. वडिलांचें म्हणणें, “कंपनीनें जें बसविलें आहे त्यास हात लावूं नये.” मुलाचें म्हणणें, “कॅम बदलला कीं गाडीचा जोर वाढतो.” दोघांनींही निवाडा आमच्यावर सोंपविला. आमच्या मतें दोघांचेंही म्हणणें अर्धेंच खरें होतें. पिंपरी, आकुर्डी, भोसरी व चाकण या पट्ट्यांत मोटारींच्या धंद्यावर पोट असलेलीं घरें पुष्कळ आहेत. म्हणून तो निवाडा येथें विस्तारानें देत आहों.

प्रथम कॅमशाफ्ट म्हणजे काय तें पाहूं. पेट्रोलच्या सामान्य इंजिनांत चार टप्प्यांचें काम चालतें: हवा व पेट्रोल यांचें मिश्रण आंत ओढणें, तें दाबणें, जाळणें आणि धूर बाहेर टाकणें. मिश्रण आंत येण्यास एक व धूर जाण्यास एक, अशा निदान दोन झडपा असतात. कारागीर त्यांस व्हॉल्व्ह म्हणतात. या झडपा नेमक्या वेळीं उघडणारा जो दांडा, तोच कॅमशाफ्ट. त्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. दांडा फिरला कीं उंचवटा झडपेस ढकलतो, व तो सरकून गेला कीं स्प्रिंग तिला मिटविते. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हां कॅमशाफ्टचा एक होतो. यावरून इंजिन मिनिटास 8000 फेरे फिरत असतां प्रत्येक झडप सेकंदास सुमारें 67 वेळां उघडते व मिटते.

या उंचवट्याच्या दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. त्याच्या उंचीवर झडप किती उघडेल तें ठरतें. यास उचल म्हणूं. त्याच्या रुंदीवर ती किती काळ उघडी राहील तें ठरतें. यास अवधि म्हणूं. अवधि क्रँकच्या फेऱ्याच्या अंशांत मोजतात.

आतां कोणीही विचारील कीं, झडप अधिक काळ उघडी राहिली तर अधिक मिश्रण आंत जाईल. मग सर्वच इंजिनांस मोठा कॅम कां देत नाहींत? याचें उत्तर कारखान्याच्या फाटकावर सांपडतें. पाळी बदलतांना कामगारांचा लोंढा वेगानें आंत शिरत असला, तर भोंगा झाल्यावरही फाटक थोडें उघडें ठेवणें फायद्याचें. मागच्या रेट्यानें आणखी पन्नास माणसें आंत येतात. परंतु गर्दी विरळ असतां फाटक तसेंच उघडें ठेविलें, तर आंत आलेलींच कांहीं माणसें चहाच्या टपरीकडे परत फिरतात. हवेचेंही असेंच आहे. इंजिन वेगानें फिरत असतां आंत येणाऱ्या हवेस रेटा असतो. दट्ट्या वर येऊं लागला तरी ती आंत शिरतच राहते. अशा वेळीं झडप उशिरां मिटणें हिताचें. इंजिन सावकाश फिरत असतां मात्र वर येणारा दट्ट्या तेंच मिश्रण उघड्या झडपेंतून मागें लोटतो. शिवाय मोठ्या कॅममुळें दोन्ही झडपा एकदम उघड्या राहण्याचा काळ वाढतो. मंद गतींत धूर आंतल्या बाजूस शिरतो आणि उभ्या गाडीचें इंजिन अडखळूं लागतें. सारांश, कॅम नवें बळ निर्माण करीत नाहीं. इंजिन कोणत्या गतींत बलवान व्हावें तें ठरवितो, आणि एकीकडे दिलेलें दुसरीकडून वसूल करतो.

याचें उत्तम उदाहरण आपल्या चाकणलाच घडलें आहे. बजाज ऑटोच्या तेथील कारखान्यांत केटीएम 390 ड्यूक ही गाडी तयार होत असे. भारतांत ती 2013 सालीं आली. तिच्या इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास 89 मिलिमीटर व दट्ट्याची धांव 60 मिलिमीटर, म्हणजे आकारमान सुमारें 373 घनसेंटिमीटर होतें. तिच्या माथ्यावर दोन कॅमशाफ्ट असून सुमारें 43 अश्वशक्ति मिळे. पण त्यासाठीं इंजिन मिनिटास 9000 फेरे वा त्याहून अधिक फिरवावें लागे. पुढें 2016 सालीं बजाजनें त्याच आकारमानाचें इंजिन डॉमिनार 400 या लांबच्या प्रवासाच्या गाडीस दिलें. ही गाडी सुमारें 182 किलोंची, ड्यूकहून बरीच जड. तेव्हां अभियंत्यांनीं दोहोंऐवजीं एकच कॅमशाफ्ट ठेविला व मिश्रण दाबण्याचें प्रमाणही कमी केलें. शक्ति 8000 फेऱ्यांस 35 वर उतरली. परंतु चाक फिरविणारें पिळाचें बळ, ज्यास टॉर्क म्हणतात, तें 6500 फेऱ्यांसच आपल्या शिखरास म्हणजे 35 न्यूटन-मीटरास पोंचूं लागलें. 2019 सालीं त्याच गाडीस पुन्हां दोन कॅमशाफ्ट दिले. शक्ति 8650 फेऱ्यांस 40 झाली. टॉर्कचा आंकडा मात्र 35 च राहिला, आणि त्याचें शिखर 7000 फेऱ्यांवर सरकलें. सर्व फरक केवळ कॅमचा नव्हे; तरी एकाच आकाराच्या इंजिनाच्या या तीन प्रकृति वाचकांनीं ताडून पाहाव्या.

अमेरिकेंत 1964 च्या पाँटियाक जीटीओसारख्या ज्या बलाढ्य मोटारी निघाल्या, त्यांचे शौकीन आजही हाच प्रश्न घेऊन बसतात. त्या मोटारींत सुमारें 6.4 लिटरांचें आठ सिलिंडरांचें इंजिन असे, व सोळाही झडपा इंजिनाच्या पोटांतील एकच कॅमशाफ्ट हलवीत असे. तो एक दांडा बदलला कीं साऱ्या इंजिनाचा स्वभाव पालटे. मोठ्या कॅमचा तो अडखळता, घुमणारा आवाज पुष्कळांस मोहक वाटतो. पण त्याबरोबर इंजिनांतील ओढ कमी होऊन, तिच्यावर अवलंबून असणारे ब्रेक जड होतात; मिश्रणाचा दाब वाढवावा लागतो; स्प्रिंगा कडक घालाव्या लागतात; गिअरांचें प्रमाणही बदलावें लागतें. झडप व दट्ट्या यांतील अंतर न मोजतां कॅम बसविल्यास दोहोंची टक्कर होऊन इंजिनाचा नाश होतो. म्हणून तेथील जाणते कारागीर प्रथम गाडीचें वजन, गिअर आणि नित्याची गति विचारतात, व दोन कॅमांत मन घोटाळलें तर लहान घ्यावा असें सांगतात.

कॅमशाफ्ट घडविणें हेंही सोपें काम नव्हे. चादरींसाठीं प्रसिद्ध असलेल्या आपल्या सोलापुरांत 1992 सालीं प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी स्थापन झाली, आणि तिचे कॅमशाफ्ट परदेशच्या मोटारींतही गेले. ओतीव लोखंड साच्यांत ओततांना उंचवट्यांची बाजू एकदम थंड करतात. त्यामुळें तेवढाच भाग अत्यंत कठीण होऊन झिजेस टिकतो. बाजारांतील हलक्या कॅमचे उंचवटे लौकर झिजतात, व त्यांचा चुरा तेलांतून सर्वत्र पसरतो.

कायद्याचाही विचार करावा. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचें 52 वें कलम निर्मात्यानें दिलेल्या तपशिलाशीं विसंगत बदल करण्यास मनाई करतें. तसेंच मोठ्या कॅममुळें न जळलेलें पेट्रोल धुराबरोबर बाहेर पडतें. तें शेवटीं आपल्याच मुलांच्या श्वासांत येतें.

हें सर्व सांगून आम्हीं त्या मुलास निवाडा दिला नाहीं. एक वही दिली. “पंधरा दिवस नाशिक फाटा ते चाकण जातां-येतां, कांटा किती फेऱ्यांवर असतो तें घरीं पोंचल्यावर लिहून ठेव,” एवढेंच सांगितलें. पंधरा दिवसांनीं तो वही घेऊन आला. मोशीच्या पुढील गर्दींत कांटा बहुधा 3000 ते 5000 यांच्या मध्येंच असे. 7000 च्या वर तो दोनदांच गेला होता. जो कॅम तो घेणार होता, त्याचें बळ 7000 च्या पुढेंच सुरू होणार होतें.

मुलगा थोडा वेळ वहीकडे पाहत राहिला. मग त्यानें आपणहून झडपांचें टॅपेट बसवून घेतलें, कार्बुरेटर साफ केला व झिजलेली चेन बदलली. गाडीचा हरवलेला जोर बहुतेक परत आला, व शिल्लक पैशांतून धाकट्या बहिणीची फी भरली गेली. वडिलांसही आम्हीं सांगितलें कीं, मुलाची जिज्ञासा चूक नव्हती. त्यास मोजावयास शिकविणें तेवढें राहिलें होतें. आमच्या विद्यार्थ्यांनीं यंत्राशीं अवश्य खेळावें. मात्र पान्हा हातीं घेण्यापूर्वीं पेन्सिल हातीं घ्यावी, एवढीच आमची विनंति आहे.