हौशी छायाचित्रकार आणि चित्रांचें कोठार

सहलीहून परत आलेल्या मुलांचे फोन पाहिले म्हणजे त्यांत शेंकडों चित्रें सांपडतात. त्यांपैकीं दोनचार खरोखरच चांगलीं असतात. मग घरांतील कोणीतरी म्हणतो कीं, ‘हीं विकलीं तर पैसे मिळतील!’ हें म्हणणें सर्वस्वीं खोटें नाहीं. परंतु ज्या उत्साहानें तें बोललें जातें, तितकें तें खरेंही नाहीं. मुलाच्या हट्टास्तव वडिलांनीं कॅमेऱ्याच्या दुकानाची पायरी चढण्यापूर्वीं ह्या व्यवहाराचें स्वरूप उभयतांस ठाऊक असावें, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

लग्नाचे फोटो काढणारा मनुष्य आधीं गिऱ्हाईक ठरवितो व मग चित्र काढतो. ‘स्टॉक फोटोग्राफी’ म्हणून जो धंदा प्रसिद्ध आहे त्यांत हा क्रम उलटा असतो. चित्र आधीं काढावयाचें, तें एका मोठ्या कोठारांत ठेवावयाचें, आणि कोणास केव्हां त्याची गरज लागेल याची वाट पाहावयाची. पाठ्यपुस्तकाच्या संपादकास भातलावणीचें चित्र हवें असतें, औषधाच्या कारखान्यास खोकणाऱ्या माणसाचें, बँकेस हसतमुख आजीआजोबांचें. प्रत्येकानें स्वतंत्र छायाचित्रकार पाठविला तर खर्च फार. म्हणून ते कोठारांत शोधतात.

अशीं कोठारें नवीन नाहींत. बर्लिन येथील ग्रंथपाल ऑटो बेटमन हे ज्यू असल्यामुळें नाझी राजवटींत त्यांची नोकरी गेली. १९३५ सालीं चित्रांनीं भरलेल्या दोन पेट्या घेऊन ते अमेरिकेस गेले, आणि १९३६ मध्यें न्यूयॉर्क येथें त्यांनीं आपला चित्रसंग्रह भाड्यानें देण्याचा उद्योग थाटला. परंतु अशा संस्थांचीं दारें हौशी माणसाला बहुधा बंदच असत. तीं उघडलीं इंटरनेटनें. २००० सालीं कॅनडांतील कॅलगरी येथें ब्रूस लिव्हिंगस्टोन यांनीं आयस्टॉकफोटो सुरू केलें. तेथें प्रथम चित्राच्या मोबदल्यांत चित्रच मिळे, विक्री मागाहून आली. २००३ सालीं जॉन ओरिंजर यांनीं स्वतः काढलेल्या सुमारें ३०,००० चित्रांवर न्यूयॉर्क येथें शटरस्टॉक उभें केलें. तेव्हांपासून ज्याच्याजवळ कॅमेरा आहे तो प्रत्येक मनुष्य विक्रेता होऊं शकतो. गर्दी झाली ती त्यामुळेंच.

ह्या धंद्यांतील सर्वांत प्रसिद्ध चित्र आमच्या बहुतेक वाचकांनीं पाहिलेलें आहे. मात्र तें कोणीं काढलें हें थोड्यांस ठाऊक असेल. जानेवारी १९९६ मध्यें चार्ल्स ओरिअर हे छायाचित्रकार कॅलिफोर्नियांतील सोनोमा परगण्यांतून मोटारीनें चालले होते. तेथील द्राक्षवेलींना फायलोक्झेरा नांवाची कीड लागल्यानें मळे उपटून टाकलेले होते, आणि पावसानंतर त्या मोकळ्या टेकडीवर हिरवेंगार गवत उगवलें होतें. ओरिअर यांनीं गाडी थांबविली, चित्र घेतलें व तें कोठारांत देऊन टाकलें. पुढें मायक्रोसॉफ्टनें तें विकत घेतलें, आणि २००१ सालीं विंडोज एक्सपीच्या पडद्यावर तीच निळ्या आकाशाखालील टेकडी झळकली. मोबदला पुष्कळ मिळाला. तो किती, हें न सांगण्याचा करार आहे. ही गोष्ट ऐकून पुष्कळांचे डोळे दिपतात. पण ओरिअर हे हौशी नव्हते. नॅशनल जिऑग्राफिकसाठीं त्यांनीं कित्येक वर्षें काम केलेलें होतें, ही बाब सांगणारे सहसा गाळतात.

आतां सामान्य मनुष्याचा हिशेब पाहूं. येथें विकलें जातें तें चित्र नव्हे, तें वापरण्याची परवानगी. घर भाड्यानें दिलें तरी मालकी घरमालकाचीच राहते, तसें हें आहे. ‘रॉयल्टी-फ्री’ ह्या नांवानें फसूं नये. त्याचा अर्थ ‘फुकट’ असा नसून, एकदां पैसे भरल्यावर गिऱ्हाइकास तें चित्र वारंवार वापरतां येतें, एवढाच आहे. कोठारवाला आपला मोठा वांटा ठेवून घेतो. शटरस्टॉकनें २०२० सालीं छायाचित्रकाराचा वांटा शेंकडा १५ पासून ४० पर्यंत ठरविला, आणि दर जानेवारींत प्रत्येकास पुनः खालच्या पायरीवर आणण्याचा नियम केला. त्या वेळीं एका विक्रीची कमींत कमी मिळकत १० सेंट होती. ॲडोबीच्या कोठारांत छायाचित्राबद्दल शेंकडा ३३ मिळतात, परंतु २५ डॉलर जमल्यावांचून रक्कम हातीं येत नाहीं. एका विक्रीस ३३ सेंट धरले तर ७६ विक्री व्हावयास हव्यात. ज्याचीं दहावीस चित्रेंच कोठारांत आहेत त्यास ह्याला वर्षही लागेल, किंवा अधिकही. तेव्हां ह्या मिळकतीच्या भरंवशावर कर्ज काढून कॅमेरा घेणें हें शहाणपणाचें नव्हे. ४० लक्ष बिंदूंचें चित्र असलें म्हणजे ह्या दोन्ही ठिकाणीं आकाराची अट पुरी होते. आजचे साधे फोनही त्याहून मोठें चित्र देतात.

खपतें काय? सूर्यास्त, मांजर आणि गुलाब यांचीं चित्रें तेथें इतकीं आहेत कीं आपलें चित्र त्यांत बुडून जातें. उलट, जी वस्तु आपल्या दारांत रोजची आहे ती दूरच्या माणसास दुर्मिळ असते. नाचणीची कणसें, भाकरी थापणारे हात, वाळत घातलेले बोंबील, एस्‌.टी.च्या थांब्यावरील छत्र्या हीं चित्रें इकडील मुलगा जितक्या सहज काढील तितकीं परदेशांतील छायाचित्रकार काढूं शकणार नाहीं. मात्र चित्रासोबत योग्य शब्द लिहावे लागतात. गिऱ्हाईक शब्दांनीं शोधतें, आणि तेंही बहुधा इंग्रजी शब्दांनीं. ‘धान्य’ एवढेंच लिहिलें तर नाचणीचें चित्र गव्हातांदळाच्या ढिगांत हरवलें म्हणून समजावें. सणाचें चित्र दोनतीन महिने आधीं पाठवावें. दिवाळीचीं चित्रें शोधणारा गणपतींच्या आधींच शोधूं लागतो. बाटलीवर अथवा सदऱ्यावर व्यापारी चिन्ह दिसलें, तर जाहिरातीसाठीं तें चित्र घेत नाहींत.

याहून महत्त्वाची गोष्ट माणसांच्या चेहऱ्यांची. २०१३ सालीं न्यूयॉर्क येथील एका तरुणीचें चित्र एका सरकारी जाहिरातींत छापलें गेलें, व त्यामुळें तिला एच्‌.आय्‌.व्ही.ची बाधा असल्याचा वाचकांचा समज झाला. तिला तो रोग नव्हता. छायाचित्रकारानें तिचें संमतिपत्र न घेतांच चित्र कोठारांत दिलें होतें. तिनें न्यायालयांत दाद मागितली. परंतु ओळखीच्या लोकांनीं जें पाहावयाचें तें पाहिलेंच होतें. बाजारांत भाजी विकणाऱ्या बाईचा सुरकुतलेला चेहरा आपणांस सुंदर दिसतो; उद्यां तो कोणत्या जाहिरातींत, कोणत्या शब्दांखालीं छापला जाईल, हें आपल्या हातीं राहत नाहीं. म्हणून जाहिरातीकरितां द्यावयाच्या चित्रांतील प्रत्येक ओळखूं येणाऱ्या माणसाची लेखी संमति लागते, आणि मूल असेल तर त्याच्या पालकांची. संमति देणाऱ्यास हा धोका आधीं समजावून सांगावा. सही घेतली कीं कायद्याचें काम भागतें. सांगण्याचें काम आपलेंच असतें.

कायद्याविषयीं आणखी दोन शब्द. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणें छायाचित्राचा कर्ता म्हणजे तें काढणारा मनुष्य, आणि त्या कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षें हक्क टिकतो. परंतु १८७२ च्या करारविषयक कायद्यानें अज्ञान मुलास करार करतां येत नाहीं, आणि वरील दोन्ही कोठारें अठरा वर्षें पूर्ण झाल्यावांचून कोणास घेत नाहींत. वडिलांच्या नांवें खातें काढून मुलाचीं चित्रें पाठविण्याची युक्ति कोणी सुचवितात. पण पाठविणारा ‘हें चित्र मीं काढलें आहे’ अशा अर्थाचें तेथें लिहून देत असतो, आणि तें मुलानें काढलेलें असतां तसें लिहून देणें म्हणजे खोटें लिहून देणें होय. ही युक्ति करूं नये.

२०२२ पासून ह्या धंद्यावर एक नवें संकट आलें आहे. यंत्राला वर्णन सांगितलें कीं तें क्षणांत चित्र तयार करतें. त्या वर्षाच्या सप्टेंबरांत गेटी इमेजेसनें अशीं चित्रें घेण्याचें नाकारलें. डिसेंबरांत ॲडोबीनें, ‘यंत्रानें केलेलें’ अशी खूण असल्यास तीं घेऊं असें जाहीर केलें. हसणारे कारकून आणि टेबलावरचीं फळें आतां यंत्रही पुरवील. अमुक गांवची अमुक जत्रा मात्र तेथें जाऊन उभें राहणाऱ्यासच टिपतां येते. तशीं गर्दीचीं चित्रें बातमी व लेख यांसाठीं घेतात, जाहिरातीसाठीं नव्हे. त्यांवर स्थळ आणि तारीख अचूक लिहावी लागते.

शाळेंत असेतों खातें नाहीं, तरी पूर्वतयारीस मज्जाव नाहीं. काढलेलें चित्र पूर्ण मोठें करून कोपऱ्याकोपऱ्यांतून तपासावें, कारण कोठाराचे परीक्षक तेंच करतात. अंधारांत उमटलेले रंगीत कण किंवा हललेल्या कडा लहान पडद्यावर लपतात आणि तेथें उघड्या पडतात. स्थळ, तारीख आणि नांवें त्याच दिवशीं वहींत टिपावीं. चित्रांतील वांकडें क्षितिज सरळ करतां येतें, उजेड थोडा कमीजास्त करतां येतो. धूसर आलेलें चित्र मात्र त्या ठिकाणीं पुनः जाऊनच काढावें लागतें.