डॉसचे गेम अजून चालतात! जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकून असे खेळा

नव्वदच्या दशकात बेळगाव, खानापूर, निपाणी भागात जे कॉम्प्युटर क्लासला गेले, त्यांनी फी भरली ती डॉस, वर्डस्टार आणि फॉक्सप्रो शिकण्यासाठी. लक्षात राहिले मात्र ‘डेव्ह’ आणि ‘प्रिन्स’. सर बाहेर गेले की काळ्या पडद्यावर गेमचं नाव टाइप व्हायचं. ती पिढी आता चाळिशी-पन्नाशीत आहे. मुलांना तो गेम दाखवावा म्हणून जुनी फाइल शोधली, तर विंडोज ती उघडतच नाही.

अडचण कुठे आहे?

डॉसचे बहुतेक जुने गेम १६-बिट प्रोग्रॅम आहेत. ६४-बिट विंडोजमध्ये असे प्रोग्रॅम चालवायची सोयच नाही. त्यात विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ न चालणारे कॉम्प्युटर म्हणून भंगाराच्या वाटेवर आहेत. अशा मशीनवर लिनक्स मिंटची हलकी, एक्सएफसीई आवृत्ती मोफत टाकता येते.

डॉसबॉक्स काय करतं?

लिनक्सलाही डॉसचे प्रोग्रॅम थेट कळत नाहीत. त्यासाठी २००२ पासून उपलब्ध असलेलं ‘डॉसबॉक्स’ हे मोफत सॉफ्टवेअर लागतं. ते जुन्या कॉम्प्युटरची नक्कल करतं; प्रोसेसर, व्हीजीए पडदा, साउंड ब्लास्टर कार्ड, सगळ्याची. गेमला वाटतं, आपण जुन्याच मशीनवर आहोत.

मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये डॉसबॉक्स शोधून इन्स्टॉल करावं. मग होम फोल्डरमध्ये गेमसाठी वेगळा फोल्डर करून त्यात फाइली ठेवाव्यात. डॉसबॉक्स उघडलं की ‘माउंट सी’ आणि पुढे त्या फोल्डरचा पत्ता इंग्रजी अक्षरांत टाइप करायचा. तो फोल्डर सी ड्राइव्ह बनतो. पुढचं सगळं क्लासात शिकवलेलंच: सी कोलन, डीआयआर, मग गेमचं नाव आणि एंटर.

एक काळजी घ्यावी. अख्खं होम फोल्डर माउंट करू नये. आतल्या डॉस प्रोग्रॅमला त्या फाइली बदलता आणि पुसताही येतात.

गेम फारच जोरात पळतोय?

काही जुन्या गेमचा वेग प्रोसेसरच्या वेगावरच बांधलेला असतो. मशीन वेगवान, की पात्रं सैरावैरा पळतात. कंट्रोल-एफ११ दाबल्यावर वेग कमी होतो, कंट्रोल-एफ१२ ने वाढतो. ऑल्ट-एंटरने गेम पूर्ण पडद्यावर येतो आणि अडकलेला माउस कंट्रोल-एफ१० ने सुटतो.

जुना म्हणजे फुकट नव्हे

गेम जुना झाला म्हणून त्याचा कॉपीराइट संपत नाही. जॉर्डन मेकनरचा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ १९८९ साली आला, त्यावर आजही हक्क आहेत. ‘डूम’ १९९३ चा. त्याचा प्रोग्रॅम कोड १९९७ मध्ये खुला झाला, पण चित्रं, आवाज आणि लेव्हल खुल्या झाल्या नाहीत. त्याऐवजी ‘फ्रीडूम’ नावाचा मोफत संच मिळतो. ‘बिनीथ अ स्टील स्काय’ कायदेशीररीत्या मोफत आहे आणि लिनक्सवर ‘स्कमव्हीएम’ने चालतो. बाकी बरेच जुने गेम थोड्या पैशांत रीतसर विकत मिळतात. अनोळखी ठिकाणच्या झिप फाइलींपासून लांबच राहिलेलं बरं.

दुकानाचा जुना हिशेब

काही दुकानांत आणि सोसायट्यांत फॉक्सप्रोमधली जुनी खाती अजून पडून असतील. डॉसबॉक्समध्ये ती उघडून बघता येऊ शकतात. पण हे सॉफ्टवेअर गेमसाठी बनलंय, त्यावर रोजचा हिशेब लिहू नये. बघायचं तेही मूळ फाइलींची प्रत काढून, त्या प्रतीवरच.

आणि हे सगळं करायचं तर लवकर करावं. फ्लॉपीवरची नोंद वर्षागणिक पुसट होत जाते. साडेतीन इंची फ्लॉपी यूएसबीला जोडायच्या ड्राइव्हवर अजून वाचता येते. सव्वापाच इंचीला मात्र जुना ड्राइव्हच लागतो. त्यामुळे माळ्यावरचं जुनं मशीन भंगारवाल्याला देण्याआधी त्यातला ड्राइव्ह आणि हार्ड डिस्क काढून ठेवावी. गेम पुन्हा विकत मिळतील, घरचा हिशेब मिळणार नाही.