मालदीवचं स्कूबा पॅकेज विकताय? आधी बेट नीट निवडा!

टूरचा धंदा सुरू करताय आणि मालदीवचं स्कूबा पॅकेज विकायचंय? मग ‘स्वस्त हॉटेल कुठे?’ हा प्रश्न नंतरचा. आधी विचारा, ग्राहकाला पाण्याखाली काय बघायचंय?

व्हेल शार्क? दक्षिण आरी अटोल, वर्षभर संधी.
टायगर शार्क? फुवाहमुलाह, पण तिथे अनुभवी डायव्हरच पाठवा.
मांटा रे? बा अटोलमधलं हनिफारू, साधारण जून ते नोव्हेंबर.

पण थांबा! हनिफारूत स्कूबाला बंदी आहे, फक्त स्नॉर्केलिंग चालतं. हे न सांगता ॲडव्हान्स घेतलात, तर रिफंड द्यावा लागेल आणि नावही जाईल.

परतीच्या विमानाआधी शेवटचे 24 तास डाइव्ह ठेवू नका. आणि मासा दिसेलच, अशी गॅरंटी कोटेशनमध्ये कधीच लिहू नका.