गरम प्लग आणि जोरदार ठिणगी : एक जुना गैरसमज

सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेली पद्मिनी अंबाजोगाईसारख्या गावात ज्यांनी आस्थेने जपली आहे, त्यांना ट्यूनिंगच्या वेळी एक सल्ला हमखास ऐकावा लागतो : ‘गाडी मिसिंग करतेय ना, मग गरम नंबरचा प्लग टाका, ठिणगी जोरात पडेल.’ हा सल्ला इतक्या निःशंकपणे दिला जातो की त्याची खातरजमा करण्याची गरजच कोणास भासत नाही. आणि म्हणूनच, तो मुळापासून चुकीचा आहे, हे स्पष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही.

ठिणगीची शक्ती कॉइलमधून येते. पॉइंट आणि कंडेन्सर सुस्थितीत असतील तरच ती पुरी पोचते. प्लग गरम की थंड, याचा तिच्याशी काडीचाही संबंध नाही. ज्वलनात तापलेले प्लगचे टोक आपली उष्णता सिलिंडर हेडकडे किती त्वरेने सोपविते, एवढाच काय तो भेद. आतील पांढऱ्या निरोधकाचे नाक लांब असेल तर उष्णतेला बाहेरच्या धातूपर्यंत दूरचा मार्ग पडतो आणि टोक तप्त राहते. आखूड असेल तर ते लवकर निवते. सुमारे ४५० ते ५०० अंश सेल्सिअसच्या वर टोकावरील काजळी आपोआप जळून जाते. परंतु सुमारे ८५० अंशांच्या पलीकडे तेच टोक ठिणगी पडण्यापूर्वी मिश्रण पेटवू लागते. वैशाखातील दुपारी, भरल्या गाडीने बालाघाटाची चढण चढताना, अवघ्या १०८९ घनसेंटीमीटरच्या इंजिनात असे अकाली ज्वलन सुरू झाले, तर पिस्टनचे मस्तक वितळून त्यास भोक पडण्यापर्यंत मजल जाते. मिसिंगचे खरे कारण बहुधा झिजलेले पॉइंट, बिघडलेला कार्बोरेटर किंवा झिजलेल्या रिंगांमधून वर चढणारे तेल हेच असते. गरम प्लग स्वतःवरची काजळी तेवढी जाळतो, दुखण्यावर पांघरूण पडते, आणि मालकास वाटते की इलाज झाला!

यात आकड्यांचा घोळ आणखी भर घालतो. एनजीकेच्या प्लगवर आकडा जितका मोठा तितका प्लग थंड. चँपियन आणि हल्लीच्या बॉशच्या प्लगवर नेमके उलट. इतकेच नव्हे, तर बॉशच्याच जुन्या पद्धतीत १७५ हा १४५ हून थंड असे, नव्या पद्धतीत मात्र ७ हा ८ हून थंड असतो. १९५१ साली बंगळुरात स्थापन झालेली मायको ही कंपनी बॉशशी संलग्न होती, त्यामुळे आपल्याकडच्या मालकांना ही बाब विशेष ध्यानात ठेवणे प्राप्त आहे. बॉशच्या डब्ल्यू ७ डीसीला एनजीकेचा जवळचा पर्याय बीपी ६ ईएस होय. सातास सात जुळवून प्लग बसविणारा मिस्त्री नकळत उष्णतामान बदलून बसतो. गाडीची पुस्तिका आणि कंपनीचा पर्याय-तक्ता, हेच दोन दस्तऐवज येथे प्रमाण मानावेत.

इरिडियमच्या प्लगने जुन्या गाडीची ताकद वाढते, हा समज निराधार. असा प्लग टिकतो अधिक, इतकेच. गॅप वाढवला की ज्वलन सुधारते, असेही म्हणतात. पण पॉइंटच्या इग्निशनला सुमारे ०.६ मिलिमीटरचा गॅप बहुधा पुरतो, आणि तोही पुस्तिका पाहून फिलर गेजने मोजावा, कारण खोक्यातला नवा प्लग गॅप जुळवूनच आलेला असतो, यावर विसंबण्यात अर्थ नाही. चुडी जुळली म्हणजे प्लग बसला, हे तर सरळ धोक्याचे : १२.७ मिलिमीटर लांबीच्या जागी १९ मिलिमीटरचा प्लग घातला तर तो पिस्टनवर आदळू शकतो.

राहिला रंग. बदामी टोक उत्तम आणि पांढरे टोक दिसले की प्लग अतिगरम, हा जुना ठोकताळा शिसेयुक्त पेट्रोलच्या काळात तयार झाला. ते पेट्रोल देशात २००० साली बंद झाले. आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉलमध्ये प्राणवायू असल्याने, स्वतः जुळवून न घेणाऱ्या कार्बोरेटरमधील मिश्रण पातळ होते आणि टोक फिकट दिसते. अशा वेळी थंड प्लग आणण्याची घाई न करता आधी कार्बोरेटरचा जेट आणि टायमिंग तपासून घ्यावे.